मोटारखान्याची जमीन व तिच्यावरील लेप

२०२४ च्या जानेवारींतील पालकसभेंत एका सद्गृहस्थांनीं उभें राहून आम्हांस एक साधा प्रश्न विचारला: “शाळेच्या मोटारखान्याच्या जमिनीस लेप देण्यासाठीं आम्हीं वर्गणी दिली, तो लेप आतां कोठें आहे?” सभेंत थोडा हशा पिकला; पण प्रश्न रास्त होता. लेपाचा कांहीं भाग त्या वेळीं जमिनीवर होता, कांहीं बसच्या चाकांस चिकटला होता, व बराचसा केराच्या टोपलींत जमा झाला होता. त्या दिवशीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें आज देत आहों. विलंब लागला ह्याचें कारण, उत्तर आम्हांसही शोधून काढावें लागलें. आणि त्या शोधाच्या कामीं तेव्हांच्या नववीच्या विद्यार्थ्यांनीं आमच्या बरोबरीनें जमिनीशीं गुडघे टेकले आहेत.

प्रथम, लेपाची गरज कां पडली तें सांगूं. आमचा मोटारखाना १० मीटर लांब व ६ मीटर रुंद असून, डोंगराचा उतार कापून, जांभ्याच्या भिंती घालून बांधलेला आहे. जमीन साध्या सिमेंट-काँक्रीटची. शनिवारीं बस बाहेर काढून तेथें सुतारकामाचा वर्ग भरतो. जमीन झाडली कीं पांढुरकी धूळ उठे. पुन्हां झाडली कीं पुन्हां तितकीच. रंधा मारतांना मुलें ती श्वासाबरोबर आंत घेत. बसच्या यंत्रांतून गळणारें तेल जमिनींत मुरून तिच्यावर काळे डाग पडले होते, व २०२३ च्या मार्चमध्यें अशाच एका डागावर आमचे बसचालक काका घसरून पडले. त्यांचें मनगट मोडलें, दीड महिना हात गळ्यांत राहिला. वर्गणी जमली ती ह्या प्रसंगानंतर.

आतां दगडासारखी दिसणारी ही जमीन धूळ कां देते, तें पाहूं. काँक्रीट म्हणजे खडी, वाळू, सिमेंट व पाणी ह्यांचें मिश्रण, एवढें आपण सर्व जाणतों. पण त्यांतील पाण्याचा हिशेब फार थोडे लोक ठेवतात. सिमेंटशीं रासायनिक संयोग होण्यास त्याच्या वजनाच्या सुमारें पाव पट पाणी पुरतें. मिश्रण सहज पसरतां यावें म्हणून गवंडी त्याच्या दुप्पट, कधीं त्याहूनही अधिक पाणी घालतो. हें जास्तीचें पाणी पुढें उडून जातें, आणि जातांना आपल्या वाटा मागें ठेवून जातें. केसाहूनही बारीक अशा ह्या वाटांनीं सारें काँक्रीट भरलेलें असतें. म्हणून तें दिसावयास दगड, पण वागावयास टीपकागद आहे. शिवाय ओलें काँक्रीट थापीनें गुळगुळीत करतांना कांहीं पाणी वर येतें, व आपल्याबरोबर सिमेंटचा व वाळूचा अगदीं बारीक गाळ घेऊन येतें. दुधावर साय धरते तसा हा थर जमिनीवर धरतो. दुधावरची साय लोक आवडीनें खातात. ही मात्र सर्वस्वी कुचकामाची. पायांखालीं व चाकांखालीं तिचीच धूळ होते.

अशा जमिनीस साधा तैलरंग कां लावूं नये, असें कोणी विचारील. सिमेंट व पाणी ह्यांच्या संयोगांत चुना मोकळा होतो व काँक्रीटच्या अंगीं तीव्र अल्कधर्म येतो. अल्क आणि तेल एकत्र आलीं म्हणजे काय होतें, हें ज्या मुलांनीं प्रयोगशाळेंत साबण करून पाहिला आहे त्यांस सांगावयास नको. जवसाच्या तेलांत कालविलेला रंग काँक्रीटवर लावला, आणि त्यास ओल मिळाली, कीं त्याचा अक्षरशः साबण होऊं लागतो. म्हणून आम्हांस इपॉक्सीचा लेप सुचविण्यांत आला, आणि ती सूचना योग्यच होती.

इपॉक्सी ही एक कृत्रिम राळ आहे. १९३० ते १९४० च्या दरम्यान पिएर कास्तां हे स्वित्झर्लंडांतील रसायनज्ञ दंतवैद्यांच्या उपयोगाचें द्रव्य शोधीत असतां तिच्यापर्यंत पोंचले. १९४६ सालीं सीबा ह्या स्विस कंपनीनें ती ‘अराल्डाइट’ ह्या नांवानें बाजारांत आणली. त्या नांवाच्या दोन नळ्या फुटलेली बशी जोडण्यासाठीं पुष्कळांच्या घरीं आणलेल्या असतील. नळ्या दोन कां, ह्यांतच तिचें मर्म आहे. राळेच्या रेणूच्या टोकांस कर्बाचे दोन व प्राणवायूचा एक अशा तीन अणूंची त्रिकोणी कडी असते. त्या लहानशा त्रिकोणांत अणु फार अवघडून बसलेले असतात. दुसऱ्या नळींतील अमाइन जातीचें द्रव्य भेटलें कीं कडी उघडते व तेथें त्या द्रव्याचा रेणु जोडला जातो. त्याला असे जोडून घेणारे हात अनेक असल्यामुळें एकास दुसरा, दुसऱ्यास तिसरा असें चोहोंकडे जाळें विणलें जातें. डिस्टेंपर वाळतो तो पाणी उडून गेल्यानें. इपॉक्सी त्या अर्थानें वाळतच नाहीं, ती विणली जाते. म्हणूनच ‘लवकर घट्ट व्हावी’ म्हणून दुसरें द्रव्य मुठीनें अधिक घालणें व्यर्थ आहे. ज्यांस जोडीदार मिळाला नाहीं ते रेणु तसेच राहतात, आणि लेप महिनाभर वाट पाहिली तरी चिकटच राहतो.

अशी ही उत्तम राळ २०२३ च्या जुलैमध्यें आमच्या जमिनीवर पडली. कारागिरानें ‘पाऊस सरूं द्या’ असें एकदां म्हटलें होतें, हें येथें नमूद केलें पाहिजे. बस आठवडाभर दुरुस्तीस गेली होती, मोटारखाना आयताच मोकळा होता, आणि घाई आम्हीं केली. झाडून, पुसून, दोन दिवसांत काम उरकलें. जमीन अशी चकाकूं लागली कीं मुलें तींत तोंड पाहूं लागलीं. गणेशोत्सवाच्या सुट्टीनंतर डोंगराकडील बाजूस लेपावर फोड दिसूं लागले, प्रथम वाटाण्याएवढे, मग रुपयाएवढे. दिवाळीपर्यंत बसचीं चाकें जेथें उभीं राहात नेमक्या त्याच ठिकाणीं लेपाचे पापुद्रे सुटून चाकांबरोबर बाहेर जाऊं लागले.

आमचा पहिला समज असा झाला कीं राळच भेसळीची असावी. दुसऱ्यावर दोष ढकलण्याइतकें सोपें संशोधन नाहीं! परंतु पालकसभेच्या दुसऱ्या दिवशीं नववीच्या वर्गांतील एका मुलीनें चाकाखालचा एक पापुद्रा उलटा करून आम्हांस दाखविला. त्याच्या पाठीस करड्या रंगाची पूड घट्ट बसलेली होती. तो पापुद्रा पाहतांच आमचा समज गळून पडला. लेपानें जमीन सोडली नव्हती. लेपानें साय धरून ठेवली होती, व सायीनेंच जमीन सोडली होती. बस रस्त्यावरून येते तेव्हां तिचीं चाकें तापलेलीं असतात. त्या उष्णतेनें लेप थोडा मऊ होतो, रबर निवतांना आकसतें, आणि लेपास आपल्याबरोबर ओढतें. खालचा थर पक्का असेल तर ही ओढ सोसतां येते. आमच्या लेपाखालीं भुसभुशीत गाळ होता.

फोडांची गोष्ट वेगळी निघाली. मुलांनीं एक फोड टाचणीनें फोडला, तों आंतून पाणी आलें. तें पावसाचें असेल काय? त्यावर फिनॉल्फथॅलीनचा एक थेंब टाकला, आणि पाणी लालगुलाबी झालें. म्हणजे तें अल्कधर्मी होतें. वरून गळलेलें नसून काँक्रीटमधून, त्याचा चुना बरोबर घेऊन, खालून वर आलेलें होतें.

येथें आम्हांस आमच्या आजीच्या घरची जमीन आठवली. कोंकणांतील जुन्या घरांची जमीन मातीची. ती चोपण्यानें चोपून बसवीत व शेणानें सारवीत. आजीही जमिनीस लेपच देत असे, आणि तोही पावसाळ्यांत! तिचा लेप ओलीशीं भांडत नसे. खालची ओल त्यांतून वर येई व हवेंत निघून जाई. पोपडा निघाला तर चार दिवसांनीं पुन्हां सारवण होतच असे. इपॉक्सी ही ओलीस वाटच देत नाहीं. जमिनीखालून चढणारें पाणी तिच्या बुडाशीं येऊन थांबतें, साठतें, व अखेर तिला उचलतें. नवीन बांधकामांत काँक्रीटच्या खालीं जाड प्लास्टिकचें अस्तर घालतात तें ह्याच कारणास्तव. आमचा मोटारखाना त्याआधींचा. त्याखालीं नुसता मुरूम आहे, आणि मागें डोंगर.

जमिनींत ओल आहे किंवा नाहीं हें ओळखण्याची एक सोपी रीत आहे, व ती प्रत्येक घरीं करतां येईल. सुमारें ४५ सेंटिमीटर चौरस असा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर पसरून त्याच्या चारी कडा चिकटपट्टीनें पक्क्या बंद कराव्या, व निदान १६ तास तसाच ठेवावा. उचलून पाहतांना प्लास्टिकच्या खालच्या बाजूस दंव दिसलें, किंवा जमिनीचा तेवढा चौकोन काळसर झाला, तर खालून पाणी येत आहे असें समजावें. २०२४ च्या फेब्रुवारींत, म्हणजे पाऊस थांबून चार महिने लोटल्यावर, आम्हीं असे सहा तुकडे लावले. चार तुकड्यांखालीं थेंब सांपडले. पुन्हां लेप देण्याचा विचार आम्हीं तेथेंच थांबविला. मे महिन्यांत भिंतीमागें डोंगराच्या बाजूनें खोल चर खणून, तींत खडी भरून, पाण्यास बाजूनें वाट काढून दिली. पत्र्यांस पन्हळ लावली. मग एक संपूर्ण पावसाळा जाऊं दिला. ऑक्टोबर, नोव्हेंबर व डिसेंबर अशा तीन महिन्यांत तीच परीक्षा केली. पांच तुकडे कोरडे निघाले. सहावा, ईशान्येच्या कोपऱ्यांतील, तिन्ही वेळां ओलाच.

मधल्या काळांत जुना लेप खरवडून काढण्याचें काम चाललें होतें, त्याविषयीं फार लिहीत नाहीं. ज्यांनीं केलें त्यांच्या तळहातांस तें ठाऊक आहे. तेलाच्या डागांवर धुण्याचा सोडा व गरम पाणी घालून ताठ ब्रशानें घासलें, आणि पाण्याचा थेंब त्यावर टाकून पाहिला. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर तेल अजून आहे; पसरून आंत शिरला तर गेलें. एका डागास ही क्रिया सात वेळां करावी लागली.

साय काढण्याच्या दोन रीती आहेत. पातळ केलेलें हायड्रोक्लोरिक आम्ल ओतलें म्हणजे तें चुन्याशीं फसफसून वरचा थर खातें. ही रीत स्वस्त खरी, पण तिच्यानें जमीन पुन्हां चिंब भिजते, मागें क्षार राहतात, आणि तेलाच्या डागांवर आम्लाचें कांहीं चालत नाहीं. शिवाय ह्या आम्लाची वाफ छातीस अपायकारक असते. आम्हीं ती वाट सोडून घासण्याचें यंत्र भाड्यानें आणलें. यंत्र चालविणारा मनुष्य जाणता होता. सिमेंटच्या धुळींत वाळूचे अतिसूक्ष्म कण असतात व ते फुप्फुसांत कायमचे बसतात, हें लक्षांत घेऊन धूळ ओढून घेणारें नळकांडें यंत्रास जोडलेलें होतें, त्यानें तोंडावर योग्य मुखवटा घातला होता, व मुलांस त्या दोन दिवशीं आंत प्रवेश नव्हता. घासलेली जमीन बारीक पॉलिश-कागदासारखी खरखरीत लागूं लागली. अशाच जमिनीस लेप हवा असतो.

आतां हवेकडे वळूं. हवेंतील वाफेचें पाणी ज्या तापमानास होऊं लागतें त्यास दवबिंदु म्हणतात. जमीन दवबिंदूपेक्षां निदान ३ अंश सेल्सिअस अधिक उष्ण असल्याखेरीज लेप देऊं नये असा नियम आहे. नाहीं तर डोळ्यांस न दिसणारा पाण्याचा पापुद्रा जमीन व राळ ह्यांच्यामध्यें राहतो. विद्यार्थ्यांनीं ओल्या व कोरड्या फुग्यांच्या तापमापकांवरून कोष्टक मांडलें. जुलैमधील एका दिवसाची हवा २७ अंश व आर्द्रता शेंकडा ९० धरली तर दवबिंदु सुमारें २५ येतो. सावलींतली जमीन त्याहून फार तर एका अंशानें उष्ण असणार. नाताळच्या सुट्टींतील दुपारीं हवा ३१ अंश व आर्द्रता शेंकडा ५० असतां दवबिंदु १९ च्या आसपास आला, आणि जमीन २६ अंशांवर होती. पहिल्या खेपेस आमच्या लेपाखालीं काय घडलें असेल तें ह्या दोन ओळींत सर्व आहे.

ह्याच वेळीं एक लहानसा हिशेब मुलांनीं फळ्यावर मांडला, व तो पाहून आम्हांस थोडी लाज वाटली. एक लिटर द्रव एक चौरस मीटरवर पसरला तर थर बरोबर एक मिलिमीटर जाडीचा होतो. पहिल्या खेपेस ६० चौरस मीटर जमिनीवर ८ लिटर लेप गेला होता. म्हणजे जाडी ०.१३ मिलिमीटर. त्यांतला निम्मा भाग उडून जाणारें पातळ द्रव्य होतें, उरली ०.०७ मिलिमीटर, वहीच्या कागदाहूनही कमी. त्यावर आम्ही बस उभी करीत होतों! ह्या खेपेस उडून जाणारें द्रव्य मुळींच नसलेली राळ घेतली, व प्रत्येक हातास ०.२५ मिलिमीटर जाडी धरून ५३ चौरस मीटरांस सव्वातेरा लिटर असा हिशेब केला. ५३ कां, ६० कां नव्हे, तें पुढें येईल.

काम दुपारीं उशिरा सुरू केलें. सकाळीं जमीन तापत असते, आंतली हवा फुगून बाहेर येते व ओल्या लेपांत टाचणीच्या टोंकासारखीं भोंकें पाडते. उतरत्या उन्हांत ही पीडा टळते. प्रथम पातळ राळेचा एक हात जमिनींत मुरण्यासाठीं दिला. दोन द्रव्यें तोलून घेतलीं, अंदाजानें नव्हे. मिश्रण झाल्याबरोबर बादली जमिनीवर पट्ट्यांनीं ओतून रिकामी केली. बादलींत तें सांठून राहिलें तर विणण्याच्या क्रियेंत निघणारी उष्णता बाहेर पडूं शकत नाहीं, उष्णतेनें क्रिया आणखी वेगानें होते, आणि पाहतां पाहतां बादली धुरावूं लागते. जमिनीवर पातळ पसरलेलें मिश्रण मात्र थंड राहतें व कामास वेळ देतें. हातमोजे सर्वांनीं घातले होते, कारण ही कच्ची राळ कातडीस लागत राहिल्यास कायमची खाज जडूं शकते. रोलर फिरविणारे दोघे मागील भिंतीपासून सुरुवात करून, मागें सरत सरत, दाराकडे आले. आजी सारवतांना असेंच करीत असे. (पहिल्या खेपेस एक मदतनीस कोपऱ्यांत अडकून रात्रीं आठ वाजेपर्यंत खिडकींत बसून राहिला होता, ही आठवण मुलें अद्याप काढतात.)

दुसरे दिवशीं सकाळीं लेपावर मेणासारखा पुसट चिकटपणा आढळला. थंडीच्या रात्रींच्या दमट हवेंतील कर्बवायु व पाणी अमाइनशीं मिळून असा थर धरतो; त्यावर दुसरा हात दिला तर तो बसत नाहीं. कोमट साबणपाण्यानें धुऊन, स्वच्छ पाण्यानें काढून, जमीन कोरडी केली व मग राळेचे दोन जाड हात दोन दिवशीं दिले. अखेरच्या हातावर, बसचालक काका ज्या बाजूनें चढतात तेथें, बारीक धुतलेली वाळू भुरभुरविली, म्हणजे पायास पकड मिळेल. बस सात दिवस बाहेर चिंचेखालीं उभी होती. दाराजवळची एक पट्टी ऊन लागून पिवळी पडूं लागली आहे. इपॉक्सीस सूर्यप्रकाश सोसत नाहीं, व त्या पट्टीवर पॉलियुरेथेनचा हात देणें बाकी आहे.

राहिला ईशान्येचा कोपरा. तेथील ७ चौरस मीटर जमिनीस आम्हीं लेप दिलेला नाहीं. ‘एवढ्यासाठीं काम अर्धवट दिसतें’ असें पुष्कळांनीं सांगितलें, आणि खरोखरच तें तसें दिसतें. तेथें जमीन घासून सोडियम सिलिकेटचें पाणी पाजलें आहे. तें काँक्रीटमधील मोकळ्या चुन्याशीं मिळून सिमेंटच्याच जातीचें कठीण द्रव्य बनवितें. त्यामुळें धूळ कमी होते, पण वाफेची वाट बंद होत नाहीं. तेल मात्र तेथें अजूनही मुरेल. म्हणून त्या कोपऱ्यांत बसचें यंत्र येणार नाहीं अशा बेतानें जमिनीवर चाकांच्या रेघा आंखल्या आहेत.

२०२५ चा पावसाळा ह्या जमिनीनें पाहिला. चाकांखालचा लेप जागच्या जागीं आहे. कोपऱ्याच्या हद्दीला लागून तळहाताएवढा एक फोड सप्टेंबरांत आला. तेवढा भाग कापून काढून तेथेंही सिलिकेट दिलें. तेव्हां त्या सद्गृहस्थांच्या प्रश्नास आमचें उत्तर असें: लेप ५३ चौरस मीटरांहून तळहाताएवढा कमी, इतक्या जागेवर आहे. शनिवारीं सकाळीं बस बाहेर असते. कोणाही पालकांनीं येऊन पाहावें. कोपऱ्यांत जमिनीस चिकटविलेलें प्लास्टिक दिसेल, तें उचलूं नये. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारीं आतांच्या नववीचा वर्ग तें उचलून पाहतो व वहींत नोंद करतो.